चेहरा नको, मशीन पाहा : जुने मनगटी घड्याळ घेताना

१९७२ च्या दुष्काळात आमचे आबा खडी फोडण्याच्या कामावर होते. जालना–मेहकर रस्त्यावर आमचे बीबी गाव. लोणार तालुक्यातली, बुलडाणा जिल्ह्यातली ही सगळी माणसे तेव्हा रस्त्याच्या कडेला हातोडा घेऊन बसलेली. दीडशे-दोनशे माणसांत घड्याळ एकच, आणि ते मुकादमाच्या मनगटावर. दुपारची सुट्टी झाली का, असे कोणी विचारले की मुकादम बाही वर करायचा, पाहायचा आणि म्हणायचा, "अजून येळ हाय." लिंबाखाली झोळीत लेकरे रडत असायची. पण मुकादमाने सांगितली तीच वेळ. त्याच्या घड्याळात डोकावून पाहण्याची कोणाची हिंमत नव्हती, आणि डोकावले तरी काटे वाचता येणारे थोडेच होते.

आबा रात्रीच्या वर्गाला बसून अक्षरओळख शिकले. त्यानंतर काटे वाचायला शिकले. मग दोन हंगामांच्या मजुरीतून थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी एचएमटीचे 'जनता' घड्याळ घेतले. पांढरी डायल, तीन काटे, रोज सकाळी चावी द्यायची. ते घालून आबा कामावर गेले, तेव्हा मुकादमाने म्हणे दोनदा पाहिले. आबा एवढेच म्हणायचे, "आपली येळ आपल्या मनगटावर पायजे."

पुढे आईच्या दुखण्यात ते घड्याळ गहाण गेले आणि सुटले नाही. आबा गेले, पण त्या घड्याळाची गोष्ट घरात राहिली.

वाचक बंधू-भगिनींनो, ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. सोबत आणायच्या वस्तूंची यादी आली. त्यात पांढरे बूट, कात्री आणि एक ओळ : 'सेकंद काटा असलेले मनगटी घड्याळ'. रुग्णाची नाडी मोजायची तर मिनिटभर काट्याकडे नजर लागते. मुलगी म्हणाली, "बाबा, आबांच्यासारखंच घ्या ना." मी शोधायला निघालो आणि पहिल्याच खरेदीत फसलो. त्या फसण्यातून जे शिकलो, ते आपल्या घरांना उपयोगी पडावे म्हणून हे लिहितो आहे.

'जनता' आली कुठून?

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूरला सुरू झाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळाचा कारखाना काढला. पहिल्या घड्याळांचे वितरण पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि आज उत्तराखंडात असलेल्या राणीबाग येथेही कारखाने निघाले. 'जनता', 'पायलट', 'जवान', 'सोना', 'कोहिनूर', बायकांसाठी 'सुजाता', आपोआप चावी भरणारे 'कांचन', श्रीनगरचे 'चिनार', अशी नावे घरोघर झाली. अंध व्यक्तींना बोटांनी चाचपून वेळ कळावी म्हणून ब्रेल घड्याळही एचएमटीने काढले. त्याआधी चांगले घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ, आणि ते साहेबाच्या किंवा सावकाराच्या हातावर. एचएमटीमुळे ते शिक्षक, शिपाई, रेल्वे कामगार आणि कष्टकऱ्यांच्या हातावर आले.

याला एक वाईट बाजूही आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आणि घड्याळाचा कारखानाही त्याच वर्षीचा. तरी सायकल, रेडिओ आणि घड्याळ या तीन वस्तू कित्येक वर्षे नवरदेवाकडून मागितल्या गेल्या. 'कांचन' घड्याळ तर हुंड्याचे घड्याळ म्हणूनच ओळखले जाई. बाजारात आज दिसणाऱ्या एखाद्या 'कांचन'मागे कोण्या बापाचे कर्जही असेल.

१९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, सेलची घड्याळे स्वस्त झाली, आणि चावीच्या घड्याळांचे दिवस सरले. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. एचएमटीच्या नावाची नवी घड्याळे अजूनही विकली जातात, पण त्यांचा विषय वेगळा. आपण बोलतो आहोत ते तीस-चाळीस वर्षे वापरून झालेल्या घड्याळांबद्दल. ती लाखोंनी बनली होती, म्हणून आजही मिळतात आणि गरिबाला परवडतात.

मी कसा फसलो

सेंट्रिंगच्या कामासाठी मी एका मोठ्या शहरात गेलो होतो. तिथल्या बाजारात एका कापडावर घड्याळे मांडलेली. त्यात एक 'पायलट' लखलखत होते. लालभडक डायल, चकचकीत बॉडी, नवा पट्टा. विक्रेता म्हणाला, "जुना माल, पण नव्यासारखा ठेवलेला." मी १५०० रुपये मोजून दिले. आठव्या दिवशी घड्याळ बंद पडले.

मेहकरला रस्त्याच्या कडेला काचेची पेटी घेऊन बसणारे एक म्हातारे कारागीर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले आणि हसले. "भाऊ, तुम्ही चेहरा पाहून घड्याळ घेतलं. चेहरा रंगवता येतो. मशीन रंगवता येत नाही."

आत तीन वेगवेगळ्या घड्याळांचे भाग होते. एका चक्राला गंज होता. स्क्रूंची तोंडे अडाणी हाताने फिरवून झिजलेली. डायल पुन्हा छापलेली. वर लिहिले होते एक आणि आत होते भलतेच. माझे १५०० रुपये म्हणजे अडीच दिवसांची मजुरी. ती गेली ती गेलीच. पण चाचांनी त्या दिवशी मला शेजारी बसवले आणि घड्याळ कसे पाहावे ते शिकवले. ते पुढे क्रमाने देतो.

१. आधी कान लावा

चावीचे घड्याळ आणि सेलचे घड्याळ लांबूनही ओळखता येते. सेलच्या घड्याळाचा सेकंद काटा साधारणपणे सेकंदाला एकदा उडी मारतो. चावीच्या 'जनता'चा काटा जणू सरकत जातो, कारण आतले मशीन सेकंदाला पाच टिक देते, म्हणजे तासाला १८,०००. कानाला लावल्यावर टिकटिक एकसारखी यायला हवी. एक टिक जोरात आणि दुसरी दबकी, किंवा मधेच घसरल्यासारखा आवाज आला, तर आत दोष आहे असे समजावे.

२. डायल उन्हात पाहा

दुकानाच्या दिव्याखाली सगळेच चांगले दिसते. घड्याळ उन्हात न्यावे. कारखान्यात छापलेली अक्षरे बारीक, स्वच्छ आणि सरळ रेषेत असतात. पुन्हा छापलेल्या डायलवर अक्षरे जाड, कडा पसरलेल्या, कंपनीची खूण किंचित तिरपी असते. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर समोर येत नाहीत. 'पायलट'ची ओळख काळ्या डायलची. लाल, पिवळी, निळी दिसली तर दोनदा विचार करावा. उलट, डायल थोडी पिवळसर पडली असेल, कडेला बारीक डाग असतील, तर घाबरू नये. माणूस साठीचा झाला की केस पांढरे होतात, तसेच हे. डाग असलेली खरी डायल ही रंगवलेल्या डायलपेक्षा केव्हाही बरी.

३. बॉडी आणि मागचे झाकण

जुन्या स्वस्त घड्याळांत पितळेच्या बॉडीवर क्रोमचा मुलामा असायचा. पट्टा अडकतो तिथे मुलामा उडून आतले पितळ दिसते. हा दोष दिसण्यापुरता आहे, चालण्याचा नाही. मात्र बॉडीला खड्डे पडले असतील तर घामाचे पाणी आत गेले असण्याची शक्यता मोठी. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर ते घड्याळ सोडून द्यावे. काचेवर बारीक ओरखडे असतील तर काळजी नाही. ती काच बहुधा प्लास्टिकची असते. मऊ कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन हलके घासले की ओरखडे पुष्कळ कमी होतात.

४. चावी द्या, काटे फिरवा

बंद घड्याळाला पाच-सात फेऱ्या चावी द्यावी. चांगले मशीन न हलवता आपोआप सुरू होते. हातात घेऊन जोराने झटकल्यावरच जे सुरू होते, ते घरी जाऊन पुन्हा बंद पडते. पंचवीस-तीस फेऱ्यांच्या आसपास चावी जड होते. तिथे थांबावे. ती संपतच नसेल, फिरतच राहत असेल, तर आतली मुख्य स्प्रिंग तुटलेली किंवा सुटलेली असते. मग चावी बाहेर ओढून काटे फिरवावेत. ते ना फार सैल, ना फार जड असावेत. बारा वाजता तास काटा आणि मिनिट काटा एकावर एक यायला हवेत. तसे आले नाहीत तर कोणीतरी काटे काढून चुकीचे बसवले आहेत.

५. झाकण उघडायला सांगा

हीच सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि आपण हीच संकोचाने टाळतो. "झाकण उघडून दाखवा" असे म्हणायला लाजू नये. पैसे आपले कष्टाचे आहेत. विकणारा नाही म्हणाला तर आपण उठून चालू पडावे. उघडल्यावर पाहायचे ते असे : मशीनवर कंपनीचे नाव आणि ज्युएलची संख्या कोरलेली असते. 'जनता'त १७ ज्युएल असतात. हे ज्युएल म्हणजे दागिन्यातले हिरे नव्हेत. ते कारखान्यात तयार केलेले माणकाचे बारीक दगड असतात. चक्रांचे टोक त्यात फिरते, म्हणून झीज कमी होते. डायलवर एक कंपनी आणि मशीनवर दुसरी असेल, तर घड्याळ जोडकाम आहे. लाल-तपकिरी गंज दिसला तर घेऊ नये. मागेपुढे झुलणारे चक्र मोकळेपणाने, न डगमगता झुलायला हवे. त्याच्यावरची केसासारखी स्प्रिंग सपाट आणि सारख्या अंतराची असावी. घड्याळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुढे पळत असेल, तर कधीकधी त्या स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलेले असते. कारागिराकडे ते उतरवण्याचे छोटे यंत्र असते, काम काही क्षणांचे.

६. आठ दिवसांची बोली

शक्यतो आठ दिवसांत परत घेण्याची बोली करावी आणि कागदावर किंमत, तारीख, मागच्या झाकणावरचा क्रमांक लिहून घ्यावा. घरी आल्यावर सकाळी पूर्ण चावी द्यावी, मोबाईलच्या वेळेशी काटे जुळवावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक लिहून ठेवावा. पूर्ण चावीवर घड्याळ दीड दिवसाच्या आसपास चालते. चोवीस तास तरी न थांबता चाललेच पाहिजे. एक दिवस उताणे ठेवून, एक दिवस उभे ठेवून, एक दिवस हातावर घालून पाहावे. जुन्या घड्याळाचा दिवसाला एक-दोन मिनिटांचा फरक चालतो.

मोबाईलवर फोटो पाहून घेणार असाल तर उन्हातला डायलचा फोटो, उघडलेल्या मशीनचा फोटो आणि चालत्या काट्याची चित्रफीत मागावी. ओळख नसलेल्याला आगाऊ रक्कम पाठवू नये. आणि एखादे पोर रस्त्यात हळूच घड्याळ काढून फार स्वस्तात देऊ लागले, तर ते कोणाच्या तरी हातावरून आलेले असू शकते. तिथे हात आखडावा.

किंमत कशी धरावी?

घड्याळाची किंमत म्हणजे विक्रेता सांगतो तेवढीच नव्हे. घड्याळ, सर्व्हिसिंग आणि पट्टा अशी तिन्हींची बेरीज धरावी. आतले तेल वर्षांनी सुकते. 'चालू आहे' म्हणून दिलेले जुने घड्याळही एकदा खोलून, धुऊन, नवे तेल देऊन घ्यावेच लागते. पुढेही चार-पाच वर्षांनी हे काम करावे.

मी शेवटी घेतलेले 'जनता' चाचांच्याच ओळखीने एका निवृत्त माणसाकडून मिळाले. डायल पिवळसर, मुलामा उडालेला. पण वर आणि आत एकच नाव, स्क्रू धड, गंज नाही. ७०० रुपये घड्याळाचे, ३५० सर्व्हिसिंगचे, १०० पट्ट्याचे. एकूण ११५० रुपये. त्या लखलखत्या 'पायलट'पेक्षा ३५० रुपयांनी कमी.

सेलचे नवे का घेऊ नये?

हा प्रश्न रास्त आहे. फक्त वेळच पाहायची असेल तर सेलचे नवे साधे घड्याळ घ्यावे. ते अधिक अचूक असते आणि त्यात फसवणुकीचा धोकाही कमी. आपल्या जवळपास चावीचे घड्याळ दुरुस्त करणारा कोणी उरला नसेल, तर जुने घड्याळ घेऊच नये. पण कारागीर जवळ असेल, तर चावीच्या घड्याळाचे फायदे आहेत. सेल लागत नाही. बिघडले तर फेकावे लागत नाही, दुसऱ्या बंद घड्याळाचा भाग त्यात बसतो. आणि एक घड्याळ दोन पिढ्या चालते.

नाडी मोजायला ते चालेल का, अशी शंका मलाही होती. हिशेब करून पाहा. घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडते असे धरा. दिवसात १४४० मिनिटे. म्हणजे एका मिनिटात पडणारा फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. नाडीच्या मोजणीत त्याने एका ठोक्याचाही फरक पडत नाही. फक्त पाण्यापासून जपावे. जुन्या घड्याळात पाणी अडवणारी रबराची कडी असली तरी बहुधा कडक झालेली असते. हात धुताना ते काढून ठेवावे. शाळा-कॉलेजच्या परीक्षेला नेणार असाल तर प्रवेशपत्रावरील सूचना आधी वाचावी. काही परीक्षांत कोणत्याच घड्याळाला परवानगी नसते.

वेळ कोणाची?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. बारमाही चालणाऱ्या कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, आणि तो कायदा झाला. गिरणीतल्या माणसाला भोंगा होता, कायद्याचे तास होते. पण शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या आमच्या आबांसारख्यांना ना भोंगा, ना तासांचा हिशेब. तिथे मुकादम म्हणेल ती वेळ. म्हणून आबांना ते घड्याळ दागिना म्हणून नको होते. 'सुट्टी झाली' हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागू नये, एवढ्यासाठी हवे होते.

मुलगी आता वसतिगृहात आहे. परवा फोनवर सांगत होती, वॉर्डात पहिल्यांदा एका म्हातारीची नाडी मोजली तेव्हा हात थरथरत होता, पण काट्यावरून नजर हटली नाही. ७६ ठोके आले. बाईंनी पुन्हा मोजले, ७६ च आले. रोज सकाळी उठल्याबरोबर ती चावी देते. विसरली की घड्याळ थांबते, म्हणून विसरत नाही.

शेवटी एक विनंती. बाजारात जाण्याआधी आपल्या घरातली जुनी पेटी उघडून पाहा. आजोबांचे, वडिलांचे एखादे बंद घड्याळ चिंधीत गुंडाळलेले असेल. ते झटकू नका, उघडू नका, तेल टाकू नका. जवळच्या जाणत्या कारागिराकडे न्या. पुष्कळदा धुऊन तेल दिले की ते पुन्हा चालू लागते. आमचे गहाण पडले आणि गेले. तुमचे घरात असेल, तर ते आधी चालू करा.